चाळीस पट

माझं अक्षर चांगलं आहे, हे लहानपणापासून मला इतक्या लोकांनी सांगितलं की पुढे त्याच अक्षराने आमच्या घराचा घात केला. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला बाई मलाच उठवत, गणपतीची पाटी माझ्याकडूनच रंगवून घेतली जाई, आणि मजल्यावरच्या निम्म्या बिऱ्हाडांची गावची पत्रं माझ्या हातची असत. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून आमची खोली होती. बाबा गिरणीत साचाखात्यात होते. गिरणगावात मागाला साचा म्हणत, आणि बाबांकडे असे चार साचे होते. आई खानावळ चालवायची. खानावळ म्हटल्यावर कुणी बाकं-टेबलं डोळ्यांपुढे आणू नयेत. आम्ही राहायचो त्याच एका खोलीत, आमची अंथरुणं गुंडाळून झाली की, सातजण पाळीपाळीने येऊन भिंतीला टेकून जेवून जायचे. सगळे मालवणकडचे, बायकामुलांना गावी ठेवून आलेले. सकाळी उठल्यापासून खोबरं वाटल्याचा आवाज आणि सुक्या बांगड्याचा वास. मला त्या वासाची तेव्हा लाज वाटायची, कॉलेजात माझ्या ओढणीला तो येतो असं वाटायचं. आता पैसे देऊन तो मिळत नाही.

त्या सातांतले दत्तारामकाका आमच्या घरचेच. बाबांच्या शेजारच्या गावचे, गिरणीत बाबांच्या शेजारच्या साच्यांवर, आणि चाळीत समोरच्या बाजूला गाववाल्यांच्या खोलीत राहायला. त्यांचं जेवणाचं ताट त्यांचं स्वतःचं होतं, गावाहून आणलेलं जड पितळेचं, काठावर ठिपक्याठिपक्यांनी ‘द. रा.’ अशी अक्षरं ठोकलेली. ते आमच्या फळीवर इतर भांड्यांत असायचं, पण त्यात दुसऱ्या कुणाला वाढलं तर ते हसत हसत भांडण काढत. दाराजवळची जागा त्यांची. साच्यांच्या खडखडाटात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून साचाखात्यातले लोक एकमेकांचे ओठ वाचत. बाबा आणि दत्तारामकाका यांना ती सवय इतकी अंगवळणी पडली होती की चाळीच्या चौकाच्या या कठड्यावरून त्या कठड्यापर्यंत ते आवाज न काढता गप्पा मारायचे. मध्येच दोघं खदाखदा हसत आणि मधल्या मजल्यावरच्या बायका वर बघत. आई म्हणायची, “ह्यां दोघांका देवान तोंडा दिली ती फुकट.”

पट हा शब्द आमच्या घरात गिरणीतून आला. पट म्हणजे हजेरीपट. बाबांनी सहा वर्षं बदली कामगार म्हणून काढली होती, रोज गेटवर उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तर आत जायचं. मग एके दिवशी त्यांचं नाव पटावर आलं. त्या दिवशी म्हणे त्यांनी आख्ख्या मजल्याला पेढे वाटले होते, मी झाले तेव्हासुद्धा वाटले नव्हते, असं आई टोमणा मारायची. संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी गिरणीकडून पोस्टकार्डं येऊ लागली, कामावर हजर न झाल्यास आपले नाव पटावरून कमी करण्यात येईल. बाबा ते कार्ड वाचायचे, घडी घालायचे आणि देव्हाऱ्याच्या खाली सरकवायचे. भोंगा बंद झाला होता. आई तरीही पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला दचकून उठायची, कानोसा घ्यायची आणि “इलो नाय” असं पुटपुटत चूल पेटवायची. खानावळीतले चारजण गावी निघून गेले. ताटात मासळी दिसेनाशी झाली, पेज आणि कुळथाची पिठी आली. आणि चाळीत दिवसभर एकच चौकशी, आज आत किती गेले? कुणाच्या गिरणीत किती माणसं फुटून कामावर गेली, हे लोक क्रिकेटच्या धावांसारखं विचारत. आमच्या गिरणीचा आकडा सगळ्यांना पाठ होता. सहा. सहाजणांपलीकडे कुणी गेलेलं नव्हतं आणि त्याचा बाबांना फार अभिमान होता.

माझं माटुंग्याचं कॉलेज तेव्हाच सुटलं. आमच्या शाळेच्या बाईंनी मला गिरगावात नेनेकाकांकडे पाठवलं. नेनेकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि त्यांना शेअरबाजाराचं वेड होतं. स्वतः फारसं विकत घेत नसत, पण दर आठवड्याला चार पानांचं एक पत्रक काढायचे, कंपन्यांची माहिती देणारं, संपूर्ण मराठीतलं. गिरगाव-दादरचे पेन्शनर ते वर्गणी भरून घेत. मी स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचं आणि मग सायक्लोस्टाइलच्या यंत्राचा दांडा फिरवून प्रती काढायच्या. खोलीभर शाईचा वास, बोटं काळी. नेनेकाकू दुपारी मेतकूट-भात द्यायच्या आणि मी हात धुतले की नाही ते दोनदा विचारायच्या. इंग्रजी शब्द वापरायचा नाही, हा काकांचा हट्ट. “मराठी माणसाला शेअर कळत नाहीत, कारण त्याला ते त्याच्या भाषेत कुणी सांगितलेच नाहीत,” असं ते मला, काकूंना आणि दूध घालायला येणाऱ्या भय्यालाही ऐकवत. समभागाची किंमत ही त्या समभागामागे कंपनीने वर्षात जे मिळवलं त्याच्या किती पट आहे, असा एक आकडा प्रत्येक कंपनीपुढे असायचा. त्याला पुस्तकातला शब्द मोठा लांबलचक होता. आमच्या कोष्टकाचा तो रकाना जेमतेम बोटभर रुंद. म्हणून काकांनी मथळ्यात दोनच अक्षरं बसवली, पट.

हा पट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. शिकवण्याची त्यांची रीत म्हणजे आधी चूक करू द्यायची. “ह्या कंपनीचा पट पंचवीस, हिचा आठ. कुठली चांगली?” मी म्हटलं, पंचवीसवाली. “का?” “जास्त आहे म्हणून.” काकांनी चष्मा काढला. “अगं, जास्त म्हणजे महाग. लोक तिच्या एका रुपयाच्या मिळकतीला पंचवीस रुपये मोजतायत. का मोजतायत? पुढे मिळकत वाढेल अशी आशा असेल. किंवा किंमत तीच राहून मिळकतच खाली घसरली असेल. पट दोन पायांवर चालतो, शालन. आधी कुठला पाय हलला ते बघायचं.” आणि मग त्यांनी जाड वह्या काढल्या. एकेका कंपनीच्या दहा-दहा वर्षांच्या नोंदी, वर्ष, किंमत, मिळकत, पट. “एका वर्षाच्या पटावरून काही कळत नाही. शंभरदा सांगेन, आकडा वाचू नकोस, ओळ वाच. वर्षामागून वर्ष ओळ वाच.” मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पटाईत होते.

त्या आठवड्यात काकांनी गिरण्यांचं कोष्टक घेतलं आणि आमच्या गिरणीचं नाव माझ्या लेखणीखाली आलं. मागच्या वर्षी किंमत नव्वद, मिळकत पंधरा, पट सहा. आता किंमत ऐंशी, मिळकत दोन, पट चाळीस. खाली काकांचं एक वाक्य होतं, पट सहावरून चाळिसावर. मी ते सुरेख कोरलं. आमची गिरणी छापील कागदावर आली याचाच मला आनंद. त्या संध्याकाळी घरी बाबा, आई आणि मी जेवायला बसलो होतो, दत्तारामकाका अजून यायचे होते. नोकरीत काय चाललंय हे बाबा कधी विचारत नसत. त्यांना ते शेठ लोकांचं काम वाटायचं आणि त्यावर घर चालतंय याचा त्यांना त्रास होत असणार. म्हणून मीच सांगितलं.

“बाबा, आपल्या गिरणीचं नाव आलं आज आमच्या कागदात.”

“काय इला?”

“पट वाढला. सहावरून चाळिसावर गेला.”

बाबांचा हात पेजेच्या वाडग्यात थांबला. “खात्रीचा?”

“म्हणजे काय! मीच लिहिलं माझ्या हाताने. छापून लोकांच्या घरी गेलंसुद्धा.”

“चाळीस?”

“चाळीस.”

त्यांचा हात थांबलेला मी पाहिला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण नंतर अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझ्या काही लक्षात आलं नाही. आलं होतं. मला वाटलं, ते माझ्या हुशारीने चकित झाले. त्यांनी काय ऐकलं ते मी विचारलं नाही. आईने फक्त त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि वाडग्यात आणखी पेज ओतली. मग दत्तारामकाका आले, आपल्या ताटात जेवले, कुठल्याशा सभेबद्दल बोलले. बाबा हूं हूं करत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबा दुपारच्या पाळीच्या वेळेला घराबाहेर पडले. शिवडीला गोदामात काम मिळतंय का बघतो, असं आईला सांगून. पण त्यांनी खाकी अर्धी चड्डी घातली होती आणि खिशात गिरणीचा पास होता, तो आईने पाहिला. गेटसमोर ताडपत्रीखाली संपवाले बसलेले असायचे, त्यांत दत्तारामकाका पुढेच. बाबा त्यांच्यासमोरून, कुणाकडे न बघता, गेटातून आत गेले. कुणीतरी ओरडलं, “गोपाळ गेलो रे!” कुणी दगड मारला नाही, कुणी अंगावर गेलं नाही. मला हे सगळं दुसऱ्यांच्या तोंडून कळलं, आणि प्रत्येकाने सांगताना हेच सांगितलं की कुणी काही केलं नाही. आत काय झालं ते मात्र बाबांनीच पुढे एकदा सांगितलं. साचाखात्यात कबुतरं होती. शेकडो साचे गप्प उभे, आणि त्यांच्या स्वतःच्या साच्यावर त्यांनी संपाच्या आदल्या दिवशी अर्धवट सोडलेला कापडाचा ताका तसाच ताणलेला, वर धुळीचा थर. कोपऱ्यात काही माणसं झाडलोट करत होती. बाबांनी हजेरी घेणाऱ्या कारकुनाला विचारलं, “बाकीचे खंय?” तो म्हणाला, कसले बाकीचे, तुला धरून सात. बाबा तासाभरात त्याच गेटातून परत बाहेर आले. तेव्हाही त्यांना दत्तारामकाकांसमोरूनच यावं लागलं.

जेवणाच्या वेळेला दत्तारामकाका आले, पण उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. “वैनी, माझा ताट द्या.” आईला आधी वाटलं, वाढून मागतायत. मग तिच्या लक्षात आलं. तिने ताट फळीवरून काढलं, घासलेलंच होतं तरी पुन्हा राखेने घासलं, पदराने पुसलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिलं. त्यांनी ते काखेत मारलं. बाबा आत भिंतीला टेकून बसले होते. दत्तारामकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फळीवर त्या ताटाच्या जागी एक गोल स्वच्छ डाग राहिला आणि आईने तिथे दुसरं भांडं कधी ठेवलं नाही.

“चाळीस खंय होते गो?” ते गेल्यावर बाबांनी मला विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला एका क्षणात सगळं कळलं. मी रडत रडत सांगायला लागले, की तो पट माणसांचा नव्हे, शेअरचा. बाबांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाले, “रडा नको. तो पट म्हणजे काय ता माका नीट समजाव.” मी समजावलं. एका शेअरची किंमत ऐंशी. त्या एका शेअरमागे गिरणीने वर्षात कमावले दोन. दोनाच्या चाळीस पट ऐंशी. आधी नव्वद होते आणि पंधरा कमावले होते, म्हणून सहा.

“म्हणजे किंमत उतारली.”

“हो. पण मिळकत त्याहून जास्त पडली.”

“मिळकत कित्याक पडली?”

“गिरणी बंद म्हणून.”

बाबा सावकाश म्हणाले, “आमी काम बंद केला म्हणान पट वाढलो. म्हणजे तो आमीच वाढयलो.” मी मान हलवली. नेनेकाकांच्या पेन्शनरांपैकी निम्म्यांना जे वर्षभरात कळलं नव्हतं ते बाबांना एका बैठकीत कळलं होतं. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन दत्तारामकाकांना सांगते, चूक माझी आहे. तेव्हा मात्र त्यांनी माझं मनगट धरलं. “ह्या कोणाक सांगा नको. गोपाळाचा चेडू शेअरवाल्यांका कागद लिवन देता, आणि तेच्या कागदावरसून बापूस फुटलो, असा म्हणतले. तुझी नोकरी जायत आणि घरात पेजय उरूची नाय.” मी ऐकलं. त्या दिवशी मला ते आज्ञापालन वाटलं. आज वाटतं की मला सुटल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर चाळीत बाबांना कुणी वाईट बोललं नाही, कुणी चांगलंही बोललं नाही. नळावर ते गेले की रांग गप्प व्हायची. खानावळीला उरलेले दोघेही महिन्याभरात सुटले आणि पाटा-वरवंटा पहिल्यांदाच सबंध दिवस कोरडा राहिला. बाबांना शिवडीच्या गोदामात खरोखरच काम मिळालं, पोती मोजून घेण्याचं. एक नवीन खोड त्यांना लागली. रस्त्यात कुठेही माणसं आत जाताना दिसली, थिएटरात, देवळात, मयताला, की त्यांचे ओठ हलू लागायचे. मोजायचे. चाळीस झाले की पुढे चालायचे. आईने एकदा देवऋष्याला विचारायचं म्हटलं, तर हसले.

आणि दर आठवड्याला त्यांना पत्रक लागायचं. मी घरी आले की हात पुढे करायचे. “पट किती?” पुढच्या वर्षी त्या रकान्यात आकडा नव्हता, नुसती आडवी रेघ. मी सांगितलं की तोटा झाला तर पट काढता येत नाही, काका रेघ मारतात. “रेघ पडली,” ते म्हणाले, आणि त्यांनी बोटाने ती रेघ पुसून पाहिली, जणू माझ्या लेखणीची चूक असावी. शेअरची किंमत तीसवर आली. संप संपला असं कुणी जाहीर केलं नाही, तो मोडत मोडत संपला. गिरणीत थोडे लोक घेतले, मग कमी केले, मग एकेका खात्याला कुलूप. साचे भंगारात गेले ते आम्ही ट्रकवर पाहिले. आणि मिळकतीच्या रकान्यात तोटा, पटाच्या रकान्यात रेघ असतानाच किमतीचा आकडा हलायला लागला. पंचेचाळीस. पुढच्या वर्षी सत्तर. मग एकशेदहा. काकांनी पत्रकात लिहिलं, निव्वळ सट्टा, वाचकांनी दूर राहावे. चाळीत मात्र भलताच आनंद. कुणीतरी बातमी आणली की गिरणीचा शेअर चढतोय, म्हणजे गिरणी सुरू होणार, पैसेवाल्यांना आधी कळतं. दत्तारामकाका तर गेटवर जाऊन वॉचमनला रोज विचारून यायचे, भोंग्याची दुरुस्ती झाली का.

एका रविवारी बाबांनी जपून ठेवलेली सगळी पत्रकं जमिनीवर ओळीने मांडली. आमच्या गिरणीच्या नावावर बोट ठेवून ते पहिल्या कागदावरून शेवटच्या कागदापर्यंत गुडघ्यांवर सरकत गेले. पट सहा. चाळीस. रेघ, रेघ, रेघ, रेघ. “ओळ वाच म्हणतत ना तुझे काका? ही वाच. मिळकत नाय. माणूस नाय. साचे भंगारात गेले. आणि वर्सान् वर्स किंमत चढता. म्हणजे लोक पैसे कित्याचे मोजतत?” त्यांनी शेवटच्या कागदावर बोट टेकवलं. “थंय रवला काय आता? जमीन. कापड इकूची नाय ती, जमीन इकतली. गिरणी जितकी रिकामी, तितकी किंमत जास्त. चेडवा, भोंगो आता वाजाचो नाय.” दुसऱ्या दिवशी मी हे नेनेकाकांना जसंच्या तसं सांगितलं. काकांनी वही उघडली, आमच्या गिरणीची ओळ वाचली, आणि म्हणाले, “मी सट्टा म्हणत बसलो. तुझ्या वडिलांना एकदा माझ्याकडे घेऊन ये.” बाबा काही गेले नाहीत.

त्यांना एकाच माणसाला सांगायचं होतं. गोदामात आणखी एक जागा निघाली होती आणि बाबांनी ती मुकादमाला सांगून दोन दिवस धरून ठेवली होती. दत्तारामकाकांचं वय होत आलं होतं, अजून दोन वर्षं भोंग्याची वाट बघत काढली तर त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं. बाबा दुपारी कठड्याशी जाऊन उभे राहिले. समोरच्या कठड्यावर दत्तारामकाका विडी ओढत होते. बाबांचे ओठ हलू लागले, आवाज न काढता, साचाखात्यातल्यासारखे. मी दारात उभी होते. मला बाजूने नीट कळत नव्हतं, पण जमीन हा शब्द कळला, शिवडी कळला, आणि दत्ता, दत्ता असं दोनदा. दत्तारामकाकांनी विडी संपेपर्यंत तोंड वळवलं नाही. सरळ बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग विडी विझवून खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मजल्यावर कुणी आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे हे घडलं असंही कुणी म्हणणार नाही. बाबा आत येऊन म्हणाले, “मी खोटा सांगूक नाय, फक्त चुकीचा ऐकलंय. तरीय तेचा काय चुकला नाय.” त्यांनी दोन दिवस धरलेली जागा चार दिवस धरली. पाचव्या दिवशी ती भरली गेली.

दत्तारामकाकांनी आणखी तीन वर्षं वाट पाहिली. मग लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायच्या कामाला लागले, आणि दिवसभर खोकत. गिरणीच्या जागेवर पुढे काय उभं राहिलं ते सगळ्यांना दिसतंय, मी सांगायला नको. मी तिथे कधीमधी जाते. आत थंडगार असतं, बसायला बाकं असतात, आणि काचेच्या दारातून माणसं आत येत असतात. मी मोजते. चाळीस झाले की उठते. माझ्या सुनेला वाटतं मला गुडघ्यांमुळे मध्येच बसावं लागतं.

बाबा गेले ते गोदामातल्या नोकरीतून सुटून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, दुपारी, झोपेतच. त्यांच्या मयताला चाळीतून खांदा द्यायला माणसं आली, पण समोरचं दार बंद होतं. मी ठरवलं की आता पुरे. ज्यांच्यासाठी गप्प बसायचं ते गेले, नोकरी माझी कधीच सुटलेली, आता दत्तारामकाकांना सांगायचं. इतकी वर्षं मी मनात ते वाक्य घोटत होते. ते ऐकून काकांचा चेहरा कसा होईल, तेही मी ठरवून ठेवलं होतं.

मला जावं लागलं नाही. बाराव्याच्या दिवशी जेवणाच्या वेळेला ते स्वतःच आले. काखेत ताट. उंबऱ्यात क्षणभर थांबले आणि मग दाराजवळच्या आपल्या जागी भिंतीला टेकून बसले. ताट समोर ठेवलं. काठावरचे ठिपके झिजून ‘द’चं नुसतं टेंगूळ राहिलं होतं. खोली भरलेली होती. मी भात वाढायला वाकले आणि तसंच वाकून, घाईघाईने, त्यांना सगळं सांगितलं. की बाबा फुटले नव्हते. की पट म्हणजे ते समजले हजेरीपट. की चाळीस माणसं आत गेली असं त्यांना माझ्यामुळे वाटलं.

“माका म्हायत हा,” दत्तारामकाका म्हणाले. “वैनीन दुसऱ्याच दिवशी येवन सांगितल्यान माका.”

मी आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून पानाच्या कडेला मीठ ठेवत होती. “मग तुम्ही बोलला का नाहीत त्यांच्याशी?” माझा आवाज चढला असावा, कारण कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. काकांना बोलायच्या आधी खोकावं लागलं.

“गो, चाळीस गेले म्हणान गोपाळ एक्केचाळीसावो झालो. चाळीस गेले काय आणि सात गेले काय. आदल्या राती रातभर चौकापलीकडे मी होतंय. ओठ हलवचे होते. माका एकदा इचारूक होया होता.” त्यांनी ताट जवळ ओढलं. “आणि मागीर त्यानी जा सांगितल्यान, जमिनीचा, ता सगळा मी वाचलंय. शब्द न् शब्द. खरा होता ता. ता मी ऐकूक नाय. फिटंफाट झाली. आता वाढ. थोडोच भात वाढ.”

मी वाढला. बाबांचा पेजेत थांबलेला हात मला दिसत होता. एकदा विचारायला हवं होतं. कुणी कुणाला, याचा आता काही नेम लागत नाही.

ते सावकाश जेवले. आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. जेवण झाल्यावर आई म्हणाली, “ठेवा हयसर, मी घासतंय.” पण त्यांनी मोरीत जाऊन ताट स्वतः घासलं, धोतराच्या सोग्याने पुसलं, आणि काखेत मारून परत घेऊन गेले.